थरथरणारी रेघ

हाताने काढलेली रेघ अगदी सरळ कधीच येत नाही. पट्टी न घेता कोऱ्या कागदावर वीतभर रेघ ओढून पाहा. आरंभी ती मोठ्या ठामपणाने निघते. मध्यावर हात किंचित वर चढतो, मग ते ध्यानात आल्यासारखा खाली येतो, आणि कागदाची कड जवळ आली की उगाच घाई करू लागतो. आमच्या भूमितीच्या गुरुजींना ही गोष्ट मुळीच खपत नसे. "ही रेघ आहे की गांडूळ?" असे ते विचारीत, आणि सारा वर्ग खो खो हसे. पण पुढच्याच तासाला चित्रकलेचे गुरुजी येत. ते फळ्यावर एका दमात बैलाची पाठ काढीत, आणि ती रेघ जिथे थोडी डगमगे, नेमका तिथेच तो बैल जिवंत वाटू लागे. एकाच शाळेत, एकाच दिवशी, रेघेविषयीची अशी दोन मते ऐकून आम्ही मुले घरी परतत असू.

दोघेही गुरुजी आपापल्या जागी बरोबर होते. भूमितीच्या रेघेला जिवंत होण्याची गरज नसते, आणि बैलाच्या पाठीला सरळ असण्याची. परंतु हाताच्या त्या डगमगण्यात असे काय असते की ते पाहून आपल्या मनाची तार हलावी, हा प्रश्न माझ्या मनात राहूनच गेला. पुढे पुष्कळ वर्षांनी मी एका चित्रकर्तीची चित्रे पाहिली, आणि याच प्रश्नात एका बाईने आपले सारे आयुष्य आनंदाने घालवले असल्याचे मला कळले. नवल असे की, हाताच्या थरथरीचा शोध घेण्यासाठी त्यांनी ज्याचा हात कधीही थरथरत नाही अशा एका सोबत्याची मदत घेतली. तो सोबती म्हणजे संगणक.

त्या बाईंचे नाव व्हेरा मोल्नार. ५ जानेवारी १९२४ रोजी हंगेरी देशाच्या राजधानीत, बुडापेस्ट येथे, त्यांचा जन्म झाला आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी पॅरिस येथे त्या वारल्या. शंभरी पुरी व्हायला एक महिनाही उरला नव्हता, आणि अखेरच्या वर्षांपर्यंत त्यांचे काम चालू होते. २०२२ मध्ये व्हेनिस येथील जगप्रसिद्ध द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात व्हेराबाई म्हणतो. इतक्या दीर्घ आणि उद्योगी आयुष्याला आपल्याकडचा एवढा मान द्यायला हरकत नसावी.

लहानपणी त्या सुटीच्या दिवसांत बालाटन नावाच्या मोठ्या सरोवराकाठी असताना रोज संध्याकाळी सूर्यास्ताचे चित्र काढीत. जवळ रंगीत खडूंची पेटी होती. आकाशाला एक खडू, पाण्याला एक, जमिनीला एक, असा बेत ठरलेला. पण रोज रोज तेच रंग किती दिवस घ्यायचे? तेव्हा या मुलीने स्वतःसाठी एक नियम केला. काल जो खडू वापरला, आज पेटीतला त्याच्या उजवीकडचा खडू घ्यायचा. असे म्हटल्यावर आज आकाश कोणत्या रंगाचे व्हावे हे ना आकाश ठरविणार, ना मुलगी. ते ठरविणार तिचा नियम! दुसरे एखादे मूल असते, तर आवडेल तो रंग उचलून मोकळे झाले असते. या मुलीला मात्र नियम करण्यात, आणि त्या नियमातून अनपेक्षित असे काय निघते ते पाहण्यात, गंमत वाटली. ती गंमत तिला पुढची नव्वद वर्षे पुरली.

बुडापेस्टच्या कलाशाळेत शिक्षण घेऊन १९४७ मध्ये व्हेराबाई पॅरिसला आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांची चित्रे अमूर्त होती. अमूर्त चित्रात झाड, घर, माणूस असे ओळखीचे काही नसते. रेघा असतात, चौकोन असतात, रंगांचे पट्टे असतात. "हे कशाचे चित्र?" असा प्रश्न अशा चित्रापुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी येतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण गवई नुसता आलाप घेतो तेव्हा "याचा अर्थ काय?" असे आपण विचारतो का? त्या आलापात शब्द नसतात, तरीही कुठे मन भरून येते आणि कुठे उगाच आनंद होतो. अमूर्त चित्र हा डोळ्यांनी ऐकायचा आलाप होय. आपल्याकडचे थोर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचाही जन्म १९२४ चाच, नागपूरचा. नुसत्या कुंचल्यावर न थांबता रंग पसरायला ते रूळ वापरीत आणि पात्यानेही रंग लावीत. हत्यार कोणते, याला खऱ्या चित्रकाराच्या लेखी फारसे महत्त्व नसते.

व्हेराबाईंची अडचण निराळीच होती. समजा, कागदावर सोळा घरांचा एक चौकोन आखला आणि प्रत्येक घर एक तर काळे ठेवायचे नाही तर पांढरे, एवढाच नियम केला. असे किती नमुने निघतील? गणित करून पाहा; ६५,५३६ निघतात. एक नमुना रंगवायला पाच मिनिटे धरली आणि दिवसाचे आठ तास दुसरे काही केले नाही, तरी सगळे संपायला पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि घरात काळ्यापांढऱ्याऐवजी चार दिशांपैकी एका दिशेची रेघ काढायची म्हटली, तर हीच संख्या चार अब्जांच्या पलीकडे जाते. यांतला सर्वांत सुंदर नमुना कोणता? चित्रकार पाचपन्नास काढून पाहतो आणि त्यांतला एक निवडतो. न काढलेल्या हजारो नमुन्यांत याहून सुंदर एखादा लपलेला असेल, ही रुखरुख मात्र राहते. पुष्कळांना ती राहत नाही, व्हेराबाईंना राहिली.

तेव्हा १९५९ च्या सुमारास त्यांनी एक युक्ती काढली. आपल्याजवळ एक यंत्र आहे अशी त्यांनी कल्पना केली. त्या यंत्राला द्यायच्या आज्ञा त्या स्वतःच लिहीत, आणि स्वतःच यंत्र होऊन, एकही आज्ञा न चुकवता, हाताने रेघा काढीत. या खेळाला त्या 'काल्पनिक यंत्र' म्हणत. आपल्या आयाबहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात तेव्हा त्याही थोड्याफार असेच करतात. आधी ठिपके मोजून मांडायचे, मग ठरलेल्या नियमाने जोडीत जायचे. फरक इतकाच की, रांगोळी काढणारीला शेवटी काय उमटणार ते बहुधा ठाऊक असते. व्हेराबाईंना ते ठाऊक नसे, आणि ठाऊक नसावे अशीच त्यांची इच्छा असे.

खरे यंत्र त्यांच्या हाती आले ते १९६८ मध्ये. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले अवजड धूड. तो कोणाच्या घरी नसे. मोठ्या संस्थांकडे असे, आणि त्याच्यापाशी गणिती आणि शास्त्रज्ञ बसत. त्यात एक चित्रकर्ती आली! आज आपण पडद्यावर रेघ ओढतो आणि ती तत्काळ दिसते. तेव्हा व्हेराबाईंपुढे पडदाच नव्हता. आज्ञा भोके पाडलेल्या कार्डांवरून यंत्राला भरवायच्या, आणि मग वाट पाहायची. शेवटी प्लॉटर नावाचे आरेखनयंत्र आपल्या यांत्रिक हातात लेखणी धरून कागदावर रेघा ओढी, तेव्हा कुठे आपण काय सांगितले होते ते कळे. यातली एक गोष्ट मला फार आवडते. लेखणी खरी होती, शाई खरी होती, कागद खरा होता. कुठे शाई थोडी दाट उतरे, कुठे फिकी. हिशेब नव्या युगाचा आणि शाई जुन्या युगाची. दोघींची गाठ त्या कागदावर पडे. पुढे घरोघरी संगणक आले, त्यांच्याही घरी आला. तरी खडू, कात्री, फाडलेले कागद, खिळे आणि दोरा ही साधने त्यांनी कधी टाकली नाहीत.

लोकांनी अर्थातच नाके मुरडली. यंत्राने काढलेले चित्र ते चित्र कसे, असे पुष्कळांनी म्हटले. व्हेराबाईंचे उत्तर साधे होते. यंत्र नमुने काढते. निवडतो तो माणसाचा डोळा.

त्यांचा एक उद्योग तुम्हांलाही करून पाहता येईल, म्हणून सांगतो. अल्ब्रेख्ट ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने १५१४ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून एक प्रसिद्ध चित्र छापले. त्यात पंख असलेली एक स्त्री विचारात गढून बसली आहे आणि तिच्यामागच्या भिंतीवर सोळा घरांचा जादूचा चौकोन आहे. पहिल्या ओळीत १६, ३, २, १३. दुसरीत ५, १०, ११, ८. तिसरीत ९, ६, ७, १२. आणि चौथीत ४, १५, १४, १. आडवी, उभी किंवा कोनाकोनाची, कोणतीही ओळ घ्या, बेरीज ३४ च येते. शेवटच्या ओळीच्या मध्यभागी १५ आणि १४ शेजारी ठेवून ड्यूररने चित्राचे साल कसे लपविले आहे, तेही पाहा. व्हेराबाईंनी या अंकांच्या जागी ठिपके मानले आणि १ पासून १६ पर्यंत क्रमाने एकच रेघ नेली. चौकटींच्या वहीवर मी ती काढून पाहिली. उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघून, चौकोनभर धावाधाव करून, ती डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबते. मग वही फिरवून उलटी धरली, तर आकृती जशीच्या तशी! तेवढ्यावर थांबतील तर त्या व्हेराबाई कसल्या? या एका आकृतीला थोडे ताणून, थोडे हलवून, थोडे बिघडवून त्यांनी पुष्कळ वर्षे चित्रे केली.

बिघडविणे, हा त्यांचा आवडता शब्द म्हटला तरी चालेल. 'एक टक्का अव्यवस्था' असे त्यांच्या काही चित्रांचे नावच आहे. एकात एक बसलेले चौकोन, अशा चौकोनांच्या रांगाच रांगा. सारे कसे शिस्तीत. मग त्यांतले काही चौकोन त्या अगदी किंचित कलते करीत, काही गाळून टाकीत. किती कलते, आणि कोणते, हे ठरविण्याचे काम त्या संगणकाकडे देत. तो चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे अंक निवडी. गंमत अशी की, सगळे चौकोन सरळ असताना आपला डोळा त्यांच्यावरून घसरत जातो. आणि चारदोन चौकोन कलले की तो तिथे जाऊन बसतो, मग इकडे पाहतो, तिकडे पाहतो, तुलना करू लागतो. प्रार्थनेला मुलांच्या सरळ रांगा उभ्या असताना एकच मुलगा अर्धे पाऊल पुढे असावा, तसे हे. मुख्याध्यापकांची नजर त्याच्यावर पडते, आणि चित्रकाराचीही. दोघांच्या मनांत येणारे विचार तेवढे निराळे. पण सगळीच मुले पांगली तर रांगच उरत नाही. अव्यवस्था किती हवी, याचे माप व्हेराबाई शोधीत होत्या.

हे सारे शोधणे वहीतल्या कोड्यासारखे राहिले असते, तर मी त्याविषयी इतके लिहिले नसते. पण १९८१ ते १९९० या काळात त्यांनी एक चित्रमाला केली. तिचे नाव 'माझ्या आईची पत्रे'.

व्हेराबाई पॅरिसला, आई बुडापेस्टला. आई दर आठवड्याला लेकीला पत्र लिही. त्या हस्ताक्षरात लेकीच्या चित्रकार डोळ्यांना एक गोष्ट दिसे. डावीकडची समासाची कड आई काटेकोरपणे सांभाळी. तिथून प्रत्येक ओळ शांतपणे निघे, आणि उजवीकडे जाता जाता अस्वस्थ होत जाई. वय वाढले तसे अक्षर अधिकाधिक बेचैन झाले. मग आई गेली, आणि दर आठवड्याचे पत्र थांबले.

तेव्हा लेक संगणकापुढे बसली आणि त्या पत्रांसारखी पत्रे काढू लागली. त्यांत एकही शब्द नाही. नुसत्या ओळी, डावीकडे स्थिर, उजवीकडे थरथरत गेलेल्या. लांबून पाहिले तर कोणीतरी कोणालातरी घाईने काही लिहिले आहे असे वाटते, आणि जवळ जावे तर वाचण्यासारखे काहीच नाही. यंत्राला अशी ओळ कशी शिकवावी? त्याची एक रीत अशी. लेखणीला सांगायचे, एक पाऊल उजवीकडे टाक, आणि प्रत्येक पावलाला चिठ्ठी काढल्याप्रमाणे थोडी वर किंवा खाली हो. आणि जसजशी पुढे जाशील तसतशी या वरखाली होण्याची मुभा वाढवीत जा. बस्स. यंत्राला म्हातारपण ठाऊक नाही, काळजी ठाऊक नाही, टपालाची वाट पाहणे तर नाहीच नाही. त्याला ठाऊक आहे ती फक्त वाढत जाणारी एक संख्या. आणि तरीही ती चित्रे पाहताना घशाशी काहीतरी दाटून येते. ते त्या संख्येतून आले, की लेकीने आईच्या अक्षराकडे इतकी वर्षे पाहिले त्यातून?

ही चित्रे पाहून मी माझ्या आईची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात माझ्या थोरल्या मावशीची पत्रे आहेत. आई मावशीला अक्का म्हणे. "चि. सौ. बाईस अनेक उत्तम आशीर्वाद" असा प्रत्येक पत्राचा आरंभ. आपल्या अक्षराला वर शिरोरेघ असते. मोडी लिहिणारे कारकून तर ओळभर रेघ आधी ओढून घेत आणि मग तिला अक्षरे टांगीत. मावशी तसे करीत नसे. ती शब्द लिहून वर रेघ देई. तरुणपणच्या पत्रांत त्या रेघा ताठ आहेत. पुढे पुढे त्या खाली कलू लागल्या, कुठे शब्दाच्या आधीच संपू लागल्या, कुठे शब्द संपला तरी पुढे वाहत गेल्या. मी तिच्या एका शेवटच्या पत्रावर पातळ पारदर्शक कागद ठेवला आणि अक्षरे सोडून फक्त शिरोरेघा गिरवल्या. बावीस ओळी झाल्या. मग मूळ पत्र बाजूला ठेवून, काही न सांगता, तो कागद आईपुढे धरला. आईने चष्मा वर केला आणि ती म्हणाली, "हे अक्काचे."

शब्द नाही, अक्षर नाही, सही नाही. आणि हे अक्काचे!

माझी पुतणी संगणकाचे शिक्षण घेते. तिला हा प्रकार कळल्यावर तिने तो कागद यंत्रावर ठेवून त्याची प्रतिमा संगणकात उतरवून घेतली. कोणती रेघ किती लांब, किती कलती, दोन रेघांत किती अंतर, याचे अंक तिने काढले. मग त्या अंकांच्या मर्यादेत राहून नव्या रेघा काढायला तिने यंत्राला सांगितले. यंत्राने पाहता पाहता दहा पत्रे केली. बावीस ओळींची, एकही शब्द नसलेली. पुतणीने ती फिक्या रंगात छापून घेतली, आणि मग दोन दिवस बसून, मावशी वापरी तशा निळ्या शाईने, प्रत्येक रेघ हाताने गिरवली. "नुसते छापलेले बरे नाही दिसत, काका," असे ती म्हणाली. का दिसत नाही, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

दहाही कागद तिने चटईवर मांडले आणि आजीला बोलावले. आई खाली बसली. तिने एकेक कागद उचलून पाहिला आणि उजवीकडे ठेवला. "हे अक्काचे नव्हे." "हेही नव्हे." "हे कोणाचेही असेल." असे करता करता नऊ कागद बाजूला झाले. दहावा मात्र तिने खाली ठेवला नाही. ती उठून खिडकीपाशी गेली आणि उजेडात तो धरून उभी राहिली. तिचे बोट पहिल्या ओळीखाली आले, डावीकडून उजवीकडे सावकाश सरकले. मग दुसऱ्या ओळीखाली, मग तिसऱ्या.

बराच वेळ गेल्यावर पुतणीने हळूच विचारले, "आजी, काय लिहिले आहे त्यात?"

"थांब," आई म्हणाली, "अजून दोन ओळी राहिल्या आहेत."